कॅरेजवरची कौशल्या

उन्हाळ्याचे दिवस. अंगणात बाजा टाकलेल्या, कंदील बारीक केलेला. तुळशीरामनं नवी सायकल घेतली होती. अखजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, बायकोला मागं बसवून, गावोगाव हिंडत, तिच्या माहेरी जायचा त्याचा बेत होता आणि बाकीच्या पोरांना तो रंगवून सांगत होता. किसनराव आडवे पडून ऐकत होते. ते उठून बसले.

"जाय बाप्पा, पन दिवस असताना पोच," ते म्हणाले. "माह्या मावसभावाचं, शालिग्रामचं काय झालं ते तुमाले ठाऊक नाई. त्यानं सोताच्या तोंडानं सांगतलं म्हनून मले माईत. मधात कोनी हासू नका."

मग त्यांनी सांगितलं, ते असं.

शालिग्राम जळगाव जामोदचा. घरी केळीचा मळा, मळ्यात दोन धाकटे भाऊ खपायचे, म्हणून ह्याच्या पायांना मोकळीक. त्या काळी तालुक्यात सायकली किती असतील? ह्यानं खामगावहून एक विलायती सायकल आणली आणि तिनं त्याला पार वेड लावलं. काम नसलं की निघायचा. कुठं पोचायचं असायचं म्हणून नव्हे. नुसता गाडवाटेनं ह्या गावातून त्या गावात. कुणाच्या ओट्यावर पाणी प्यायचं, कुणाच्या शेतात हुरडा खायचा, देवळात घटकाभर पाठ टेकायची आणि पुढं जायचं. डिप्टी कमिशनरचा दौरा असला की मोठ्या सडकेवर मुरूम पडायचा, पण हा त्या सडकेनं कधी जायचा नाही. "सडकेवर पाह्याले काय हाये? धूळ!" म्हणायचा.

लग्न झालं, कौशल्या घरात आली. ती संग्रामपूरच्याही पुढची, सातपुड्याच्या पायथ्याशी सावळखेड म्हणून गाव आहे तिथली. मोठी बोलकी बाई. ती पहिलीच अखजी. लेकींनी माहेरी जायचं, झोके घ्यायचे, पितरांच्या नावानं घागर भरायची. तिचे वडील पुंजाजी बैलांची दमणी पाठवतो म्हणाले होते.

"दमनी काऊन? मी नेतो ना सायकलवर," शालिग्राम म्हणाला.

"बाईमानूस सायकलवर?" त्याची आई वच्छलाबाई म्हणाली. "लोक थुकतीन तोंडावर."

कौशल्यानं मात्र रात्रीच गाठोडं बांधून ठेवलं होतं.

अखजीच्या आदल्या दिवशी, वैशाख शुद्ध द्वितीयेला, उजाडायच्या आत दोघं निघाले. शालिग्राम सावकाश पायडल मारत होता. गाव आलं की कौशल्या पदर नाकापर्यंत ओढून घ्यायची. बाया दारात यायच्या, पोरं सायकलीमागं धावायची. गाव मागं पडलं की पदर वर, आणि तोंड सुरू.

"ते पाहा, सुगरनीचे खोपे. अवो, ते पाहा! म्हातारी बकरीशी भांडून राह्यली. आन बकरी आयकून घेऊन राह्यली!"

शालिग्राम हसायचा. आपल्या पाठीशी बसून कुणी आपल्याच डोळ्यांनी हे सगळं पाहतंय, ह्याचं त्याला फार सुख वाटत होतं. हे सांगताना तो म्हणाला, की त्या दिवसासारखा दिवस त्याच्या जन्मात दुसरा नाही.

ऊन चढलं तसे ते एका आमराईत थांबले. भाकरी सोडली, ठेचा काढला. राखणदारानं दोन कैऱ्या आणि मीठ आणून दिलं. दुपार कलली तशी कौशल्या चुळबुळ करायला लागली.

"चाला ना आता. आई वाट पाहून राह्यली असंन. दिवे लागाच्या आंधी पोचू."

"पोचतो व. वाटेत एक जुनी बारव हाये, ते दाखवतो तुले."

"बारव काई पळून जात नाई."

पण त्यानं ऐकलं नाही. बारव वाटेत नव्हती, आडबाजूला होती. तिथं पायऱ्या उतरून थंडगार पाण्यात पाय सोडून बसले, आणि बसल्या बसल्या दिवस बुडाला.

द्वितीयेचा चंद्र केवढा? दिसला न दिसला, डोंगराआड गेला. शालिग्रामनं सायकलीचा तेलाचा दिवा लावला. त्याचा उजेड पुढच्या चाकापुरता. वाटेत एक नाला लागला. कोरडा, पण पात्र रुंद आणि वाळू घोट्याएवढी. कौशल्या उतरली. तो सायकल ढकलायला लागला.

अर्ध्यात ती म्हणाली, "तुमी चढवा गाडी वरतं. माह्या पायात काटा गेला. काढतो आन आलोच."

त्यानं सायकल रेटत काठावर चढवली. दम लागला. सीटवर बसून एक पाय जमिनीला टेकवला आणि थांबला. मागं वाळू करकरली.

"निंघाला काटा?"

"हूं."

"बस मंग."

कॅरेजवर वजन आलं. खांद्यावर हात आला. तो निघाला.

थोडं अंतर गेल्यावर त्याच्या ध्यानात आलं, की ती बोलत नाहीये. दिवसभर जिचं तोंड मिटलं नाही, ती गप्प.

"रुसली काय व?" त्यानं विचारलं.

"नाई."

"मंग?"

सायकलीची साखळी तेवढी कुरकुरत होती.

आणि मागून, नाल्याच्या बाजूनं हाक आली.

"अवो! निंघाला काटा! थांबा ना!"

आवाज कौशल्याचा होता.

शालिग्रामचे पाय थांबले. सायकल डगमगली. खांद्यावरचा हात घट्ट झाला. अगदी कानाशी आवाज आला. तोही कौशल्याचाच.

"मांगं पाहू नका. ते मी नाई."

किसनराव इथं थांबले. ते तांब्यातलं पाणी प्यायले.

आता तुम्ही सांगा, माणसानं काय करावं? आपण सगळ्यांनी लहानपणापासून ऐकलेलं असतं. रात्री मागून हाक आली तर ओ द्यायची नाही. वळायचं नाही. नाल्यावर तर नाहीच नाही. शालिग्रामलाही त्याच्या आईनं हेच शिकवलं होतं. त्यानं पायडल मारलं.

मागून हसण्याचा आवाज आला. थट्टा चाललीय असं वाटून माणूस हसतं तसा.

"अवो, मस्करी नका करू! मले दिसत नाई अंधारात!"

त्यानं दात आवळले. वळून कॅरेजवर पाहावं, तर दिवा पुढं. मागं काळोख. आणि वाटेला दोन्हीकडून चाकोऱ्या, मान वळवली की पडलाच.

"दुपारी काय खाल्लं आपुन?" त्यानं विचारलं. त्याचाच आवाज त्याला ओळखू येईना.

"भाकर. ठेचा. कैरी. तुमच्या कैरीले किडा होता," पाठीमागून उत्तर आलं. शांत.

खरं होतं. किडा होता.

त्याला बरं वाटलं. क्षणभरच. कारण मागून आता पावलं ऐकू येत होती. धावणारी. अनवाणी. फुफाट्यात पडणारी. थप... थप... थप...

"थांबा! मले भेव लागून राह्यलं!"

तो थांबला नाही.

"काय केलं वो म्या? काऊन सोडून चाल्ले?"

तो थांबला नाही.

मग शब्द संपले. नुसतं रडणं. धापा. पावलं जवळ आली. आणखी जवळ. मागच्या चाकाशी. कॅरेजला कुणीतरी हात घातला. सायकल मागं खेचली गेली... ओढत राहिली...

खांद्यावरची बोटं रुतली.

त्यानं उभं राहून पायडल मारलं. सगळं बळ लावून. एक हिसका बसला.

सुटली.

मागं कुणीतरी पडल्याचा आवाज झाला.

पुढं उजेड होता. सावळखेडची वेस. कंदील घेऊन मेव्हणा रंगराव उभा होता. शालिग्राम सायकलीसकट त्याच्या पायाशी कोसळला.

"अवो भाऊजी! काय झालं?" रंगरावनं कंदील वर केला. शालिग्रामनं उजेडात पाहिलं. कौशल्या होती. तेच कपाळ, तेच हनुवटीवरचं गोंदण, धुळीनं माखलेला तोच पदर. घरी तिची आई तानुबाई तिला पोटाशी धरून रडली, आणि तीही रडली. आई लेकीला ओळखणार नाही का? शालिग्राम ओसरीवर बसला आणि लहान पोरासारखा हुंदके द्यायला लागला. प्रवासानं थकला असेल, असं सगळ्यांना वाटलं.

निजानीज झाल्यावर त्यानं तिला हळूच विचारलं, "कौशल्या, वाटेत ते हाका मारत होतं, ते काय होतं?"

"कोन हाका मारत होतं?"

"नाल्यापासून. तूच म्हनली ना, मांगं पाहू नका?"

तिनं त्याच्या कपाळावर हात ठेवला. "मी कायले म्हनू? तुमाले ऊन लागलं. निजा आता."

पुढं त्यांचा संसार झाला. चांगला झाला. दोन पोरं झाली, सुना आल्या. वच्छलाबाईचं अखेरचं दुखणं कौशल्यानंच काढलं. कामसू, मायाळू बाई. बोलायची मात्र कमी. माहेरची माणसं म्हणायची, लग्न झाल्यावर पोरगी पोक्त झाली. सायकल शालिग्रामनं त्याच आठवड्यात विकून टाकली. घरचे विचारून थकले. पुन्हा कधी तो त्या वाटांनी हिंडला नाही. कौशल्या गेल्या पावसाळ्यात वारली. तिच्या तेराव्याच्या रात्री त्यानं किसनरावांना हे सगळं सांगितलं.

"मी म्हनलो, अबे, ऊनच लागलं असंन तुले," किसनराव म्हणाले. "त मान हालवत बसला. मंग सकाळचं सांगतलं."

अखजीच्या दिवशी पहाटेच शालिग्राम उठला होता. कौशल्या गाढ झोपलेली. तो एकटाच वेशीवर गेला.

वाऱ्यानं अजून काही पुसलं नव्हतं. फुफाट्यात त्याच्या टायरची रेघ होती. रेघेच्या बाजूनं पावलं. बाईची. अनवाणी. टाच न टेकलेली, धावणाऱ्या माणसाची असतात तशी. एका जागी धूळ फरफटलेली, दोन्ही तळहात उमटलेले. तिथून पुन्हा पावलं. पण आता धावणारी नाही. चालत आलेली.

ती पावलं वेशीतल्या दगडापर्यंत आली होती.

गावात एकही गेलं नव्हतं. परत एकही फिरलं नव्हतं.

आणि दगडावर हिरव्या काचा होत्या. बांगड्यांच्या. दोन्ही हातांच्या, एकूण एक. धावताना पडून फुटलेल्या नव्हत्या. ठेचून फोडलेल्या होत्या.

नवरा गेल्यावर बाई फोडते, तशा.