पिलांना दूध पाजणारा पाहुणा

दीना शाळेतून आली, पडवीत पाऊल टाकलं आणि जागीच थबकली.

तिच्या गिनीपिगच्या खोक्यापुढे एक परका तरुण मांडी घालून बसला होता. बोटाला गुंडाळलेली दुधाची चिंधी त्याने इवल्याशा पिलाच्या तोंडात दिली होती... आणि शेजारच्या बशीत साखर घालून कुस्करलेली भाकरी!

"कोण हो तुम्ही? काय पाजताय त्याला?"

"सलाम, बाई. भुकेनं वरडत हुतं बिचारं—"

"म्हणून दूध? वर रेशनची साखर?"

"राजूरला आमी शेरडाच्या करडांना असंच—"

"हे काय करडू आहे?" तिने पिलू हिसकावून घेतलं. "पोट बिघडतं यांचं! मेलं म्हणजे?"

महायुद्ध संपल्यावर मायदेशी गेलेल्या मिशनच्या मडमेने गिनीपिगची एक जोडी दीनाला दिली होती. नर गेल्या महिन्यात मेला, मादी गेल्या आठवड्यात. उरली होती ही दहा दिवसांची दोन पिलं.

आतून तिचे वडील, प्रभुदास मास्तर, चहा घेऊन आले. "आलीस? हे कृपादान, राजूरच्या शाळेत मास्तर आहेत. तुला बघायला उद्या यायचे होते. मोटार मिळाली, आजच आले."

दीनाचा चेहरा लालबुंद झाला. लाजेने नव्हे. ती वडिलांकडे वळली.

"बघून झालं असेल ना यांचं? मग ऐका, दादा. पिलं जगली नाहीत तर माझा नकार."

"अन् जगली तर?" कृपादानने हळूच विचारलं.

"तर... तेव्हाचं तेव्हा!"

संध्याकाळी दोन्ही पिलांना जुलाब लागले. दीनाने वाळलेलं गवत आणि पाणी तेवढं पुढे ठेवलं आणि मनातल्या मनात त्याला नाही नाही ते बोलली.

सकाळी तो दारात. खांद्यावर हिरव्या चाऱ्याचा, लसूणघासाचा भारा.

"मी उतरलोय त्या याकोबकाकांच्या मळ्यातला हाय. आता दूध न्हाई."

तिने मूठभर उपसून पाहिला. "दवाने चिंब आहे हा! आणि पोट वाहतंय त्यांचं, आज हिरवं कसं चालेल? सावलीत पसरा. नीट सुकू दे."

तो काडी काडी पसरत बसला. त्याला राग येत नव्हता, याचा तिला जास्तच राग आला.

"बोलणी खायची सवय दिसते!"

"आवाज गोड असला तर लागती सवय..."

ती फणकाऱ्याने आत गेली. दारामागून मात्र पुन्हा एकदा बघितलं तिने.

तिसऱ्या दिवशी लेंड्या घट्ट झाल्या. थोरलं पिलू पेरूची पातळ फोड कुरतडू लागलं. धाकटं नुसतंच पडून. कृपादान खोक्यापासून हलला नाही.

चौथ्या सकाळी धाकट्याने वाळलेल्या लसूणघासाची काडी ओढली. कुरुकुरु... कुरुकुरु... दोघं श्वास रोखून ऐकत राहिली.

"माझ्या मोटारीची येळ झाली आता," तो उठत म्हणाला.

"एवढं बोलले तुम्हाला... एकदाही उलटून का नाही बोललात?"

तो जमिनीकडे बघत म्हणाला, "आई लहानपनीच गेली माझी. माझ्यासाठी असं कुनी भांडलं न्हाई कधी. तुमी त्या पिलासाठी भांडत हुतात... मला वाटलं, त्याच्या जागी आपन असतो तर—"

दीनाची नजर खाली वळली, आणि त्याच्या तळहातावर गेली. विळ्याने आडवं कापलं होतं. रक्त सुकून काळं पडलेलं, कडा सुजलेल्या.

तिचे डोळे भरून आले, आणि त्याहून वेगाने राग आला.

"हे कधी झालं? घास कापताना? आणि दोन दिवस उघडंच ठेवलंत? सडला असता हात! मास्तर ना तुम्ही? बसा खाली!"

"मोटार सुटंल—"

"सुटू दे! बसा म्हणते ना!"

तो बसला. तिने जखम धुतली, आयोडीन लावलं, फडकं बांधायला घेतलं. हात हलका होता, तोंड चालूच होतं. "जरा कळत नाही स्वतःचं! लग्नानंतर विळ्याला हात लावू देणार नाही मी, आत्ताच सांगून ठेवते..."

आपण काय बोललो ते तिच्या लक्षात आलं. फडक्याची गाठ अर्धीच राहिली.

फाट्यावर मोटारीचा भोंगा वाजला. पुन्हा वाजला. कृपादान मान खाली घालून बसून राहिला, पुढची बोलणी ऐकायला.