अठ्ठ्याण्णवाव्या दिवशीचा चिखल

अरिएता काय काम करते हे ऐकून गावातल्या लोकांना हसू यायचं. समुद्राच्या तळातला गाळ उपसायचा, चाळणीत धुवायचा आणि वर उरलेले किडे, शिंपले, तारामासे मोजायचे. "लोक मासे धरतात, आमची भाची माशांचा खाऊ धरते," असं तिचा मामा सेवानाइया चारचौघांत सांगायचा, आणि वर तिची होडीही तोच चालवायचा. कांदावू बेटावरच्या त्यांच्या गावासमोर तळाचे तीन प्रकार होते. कुठे वाळू, कुठे शिंपल्यांचा चुरा, कुठे चिखल. कुठल्या तळात कोण राहतं, हे ती दर ऑगस्टमध्ये येऊन पाहत होती. हे तिसरं आणि शेवटचं वर्ष.

सकाळ छान होती. वाळूचं काम दोन तासांत उरकलं. चुऱ्यात गाळ उपसायचा लोखंडी जबडा दोनदा अर्धवट मिटला, तेव्हा मामाने त्याला भरपूर शिव्या घातल्या. मग होडी चिखलाच्या दिशेने वळली आणि थोड्या अंतरावर मामाने इंजिन बंद केलं.

समोर पाण्यात एक बांबू रोवलेला होता आणि त्याला नारळाची झावळी बांधली होती. अरिएताचे वडील मे महिन्यात वारले. दर्यावर जाणाऱ्या कुळाचे ते प्रमुख. असा माणूस गेला की त्याच्या नावाने गावासमोरच्या पाण्याचा एक पट्टा शंभर रात्री बंद ठेवतात. आज अठ्ठ्याण्णव झाल्या होत्या.

"परवा उघडेल. परवा काढ," मामा म्हणाला.

"परवा मी शहरात, सुवाला असेन. हे सामान उद्या परत द्यायचंय."

"मग राहू दे चिखल."

"चिखल राहिला तर तीन वर्षं पाण्यात गेली, मामा. आणि बंदी मासे धरायला आहे ना? मी कुठे मासे धरतेय? चिखल कोण खातं?"

"ते तुझ्या बापाला विचार."

हे तिला फार लागलं. बाप गेला तेव्हा ती सुवात होती. समुद्र खवळलेला, बोट सुटली नाही, मातीलाही ती पोचली नव्हती. आईने त्यावरून एका शब्दाने बोल लावला नव्हता. एवढंच म्हणाली होती, "शंभर दिवस त्यांना शांत झोपू दे." अरिएताने हो म्हटलं होतं. पण आता तिने मनाची समजूत घातली, की बाबांनी चिखलाला हरकत घेतली नसती. तिने स्वतः वल्हं मारून होडी बांबूच्या आत घातली.

मामाने दोरीला हात लावला नाही. तिने एकटीनेच जबडा सोडला. बारा वाव दोरी गेली, सैल पडली, खाली तो मिटल्याचा हिसका हाताला कळला. ती ओढू लागली.

तळाचा चिखल वर आला की सडक्या अंड्यांचा वास येतो. या वेळी आला तो नुकत्याच खणलेल्या वाफ्याचा. जबड्यातून काळी, भुसभुशीत माती पडली. सवयीने तिने ती चाळणीत धुतली, काळं पाणी समुद्रात उतरलं. चाळणीवर गवताची मुळं उरली आणि तीन गांडुळं. जिवंत.

"नदीतून वाहून आली असतील," ती म्हणाली.

"इथे... नदी कुठाय, पोरी?"

एका जागेवरून तीनदा काढायचं, हा तिच्या कामाचा नियम. दुसऱ्यांदाही तीच माती आली, तीही तिने धुतली. चाळणीवर पांढरी, कोरडी वाळू राहिली. बारा वाव पाण्यातून आलेली, वर धुतलेली वाळू कोरडी कशी, हे तिला विचारवेना. मामा म्हणाला, "बास कर." पण दोनवर सोडायची तिला सवयच नव्हती.

तिसऱ्यांदा जबडा जड लागला. मातीबरोबर तळहाताएवढा चटईचा तुकडा आला. कडेला जांभळ्या आणि पिवळ्या लोकरीची झालर. ही वीण आईची.

मामाचा चेहरा राखेसारखा झाला होता. "ती चटई... भावोजींच्या भोवती... मी माझ्या हाताने गुंडाळली होती."

ही माती तिने धुतली नाही. घमेल्यात भरली, वर आपला सदरा पांघरला. मामाने इंजिन सुरू केलं आणि होडी थेट किनाऱ्याला आणली.

थडगं घरामागे होतं, विलायती फणसाच्या झाडाखाली. सिमेंट शंभर दिवसांनंतर घालतात, तोवर नुसती माती आणि वर पांढरी वाळू. त्या मातीत तीन खड्डे होते. चौकोनी, सरळ कडांचे, दीड वितीचे. जबड्याचं माप तिला पाठ होतं.

अरिएता गुडघ्यांवर बसली आणि ओक्साबोक्शी रडली. घमेल्यातली माती तिने एका खड्ड्यात ओतली, ओंजळीने दाबली. उरलेल्या दोन खड्ड्यांची माती तिने स्वतःच्या हातांनी समुद्रात धुऊन टाकली होती. "बाबा, चुकले मी," ती म्हणत राहिली.

मामाने तिचं मनगट धरलं. "जबडा किती वेळा टाकलास?"

"तीनदा... तुम्ही होतात की."

त्याने पायांकडच्या बाजूला बोट दाखवलं. तिथे चौथा खड्डा होता. तो चौकोनी नव्हता, आणि त्याची माती कुठे गेली नव्हती. सगळी बाहेर फेकलेली, काठाभोवती साचलेली. तळाशी चटई दिसत होती. सकाळी उठताना माणूस पांघरूण सारतो, तशी आतून बाजूला सारलेली. चटईत कुणी नव्हतं.

तेवढ्यात घरातून आईची हाक आली. अठ्ठ्याण्णव दिवसांत ती पहिल्यांदा हसत होती.

"अरिएता! अगं, किती वेळ? कंद गार होतायत. ये लवकर, तुझे बाबा ताटावर खोळंबलेत. तू आल्याशिवाय घास घेणार नाही म्हणतात."