तिरक्या खिडकीचा पडदा

बसा, जरा जवळ सरकून बसा. आणि तो दिवा राहू दे. मालवायची काही घाई नाही.

ही गोष्ट टेप्याची. माझ्या वर्गात होता. पुढे त्याने पडदे शिवून लावून द्यायचं दुकान काढलं. मापाची टेप फक्त अंघोळीपुरती गळ्यातून उतरायची, म्हणून टेप्या. गप्पांत भुताखेतांचा विषय निघाला की हा जांभई देऊन झोपायला जायचा. असल्या माणसाने मला हे सांगितलं. तेही एकदाच. पुन्हा विचारलं तर विषय बदलतो.

तर झालं असं, की एका बाईंचा त्याला फोन आला. नवरा-बायको दोघंच, गावाच्या टोकाला एका उंच, अरुंद घरात नुकतीच भाड्याने राहायला आलेली. नवरा औषधं विकणाऱ्या कंपनीत, बाई घरीच शिकवण्या घ्यायच्या. "बाकी सगळ्या खिडक्यांचं झालं," त्या म्हणाल्या, "पण वरच्या झोपायच्या खोलीतली एक खिडकी कोणी घ्यायलाच तयार नाही. दोघं बघून गेले, परत फिरकले नाहीत."

टेप्याला हे असलं काही ऐकलं की चेव येतो. गेला.

खिडकी खरंच अवघड होती. खोली थेट छपराखाली, त्यामुळे खिडकीची वरची कड तिरपी. डाव्या हाताला माणसाच्या डोक्यावर जाईल इतकी उंच, आणि तिथून उतरत उतरत उजवीकडे कमरेला टेकलेली. काच एकसंध, न उघडणारी. खाली मागची गल्ली, गल्लीत एक दिवा, समोर बंद पडलेल्या बर्फाच्या कारखान्याची कोरी भिंत.

"समोर तर कुणाचीच खिडकी नाही, ताई," टेप्या म्हणाला. "पडदा हवाच कशाला?"

बाईंनी दाराकडे पाहिलं. नवरा खाली होता. "रात्री बघितल्यासारखं वाटतं," त्या हळूच म्हणाल्या. "कोणीतरी."

टेप्याने मनात म्हटलं, नवीन घर आहे, होईल सवय. त्याने छपराच्या उतारानेच दांडी बसवली, तिच्यात कड्या ओवल्या आणि जाड निळ्या कापडाचा पडदा लावला. आता बघा, तिरप्या दांडीवरच्या कड्या आपल्या वजनाने घसरणारच. म्हणून त्याने पडदा उंच टोकाला हुकाने अडकवून टाकला. हुक सुटला तर पडदा उजवीकडे, उताराला गोळा होईल, एवढीच काय ती भीती.

चार दिवसांनी फोन. पडदा रोज सकाळी उघडा सापडतो.

"हुक सुटत असेल," टेप्या म्हणाला. "उजव्या कोपऱ्यात गोळा होतो ना?"

"नाही," बाई म्हणाल्या. "डावीकडे."

म्हणजे चढाला. कळतंय ना? कड्या उताराला घसरतील, चढाला कशा चढतील? कोणीतरी हाताने ओढत नेल्याशिवाय?

काय म्हणालास? वारा? अरे, खिडकी उघडतच नाही म्हटलं ना मघाशी.

टेप्या पुन्हा गेला. या वेळी नवरा घरात होता. त्याने टेप्याला चहा दिला, पण कपावरून त्याची नजर काही हलली नाही. जिन्यात गाठून म्हणाला, "तुम्ही हे मुद्दाम सैल लावलंय का? पुन्हा पुन्हा यायला मिळावं म्हणून?"

"साहेब, मी दुसऱ्या खेपेचं काही घेतही नाही."

"तेच म्हणतोय मी," नवरा म्हणाला. "मग येता कशाला?"

टेप्याच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. पण तो गप्प राहिला, कारण त्याला वाटलं, याचा रोख माझ्यावर नाही. आणि नव्हताच. जाता जाता नवरा म्हणालाच, "तिला कोणालातरी खाली गल्लीत बघायचं असतं रात्री. मी झोपलो की उठते. आणि वर मलाच विचारते, पडदा कोणी उघडला."

आणि वर खोलीत, टेप्याला शिडी धरून देताना, बाई काय म्हणाल्या? "हेच करतात. मला वेड लागलंय असं ठरवायचंय यांना. माझ्या भावाला फोन करून सांगून झालंय, ही आता झोपत नाही म्हणून."

टेप्या दोघांच्या तोंडाकडे बघत राहिला. दोघंही खरं बोलत असावीत असं वाटत होतं, आणि दोघंही खोटं बोलत असावीत असंही. त्यातल्या त्यात त्याचा संशय नवऱ्यावर बसला. गोड बोलून चहा पाजणारा माणूस, आणि बायकोच्या माघारी मेव्हण्याला फोन करतो!

त्याने दांडीच काढून टाकली. खिडकीच्या चौकटीवर चारी बाजूंनी वेल्क्रो ठोकला. चपलेच्या पट्ट्याला असतो तो, ओढला की चर्र करणारा. तसलीच पट्टी पडद्यालाही, सगळ्या कडांना. पडदा काय, झाकण झालं ते. म्हणाला, आता जो कोणी उघडेल, त्याचा आवाज अख्ख्या घराला ऐकू जाईल.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई स्वतःच दुकानात आल्या. डोळे सुजलेले. पडदा पुन्हा उघडा. दोघांपैकी कोणालाही आवाज आला नाही. नवऱ्याने स्वतःची गादी खाली बैठकीत नेली होती. "मी माहेरी जातेय," त्या म्हणाल्या. "जायच्या आधी मला फक्त एवढं बघायचंय, की मी खोटी नाही."

टेप्याला काय वाटलं कोण जाणे. म्हणाला, "आज मी बसतो. तुम्ही दोघंही बसा. तिघांचे हात तिघांच्या नजरेसमोर. एकदाचा निकाल लावू."

नोव्हेंबरातला दुसरा गुरुवार. रात्री दहा वाजता तिघं त्या खोलीत बसले. नवऱ्याने आधी आढेवेढे घेतले, पण आला. पलंगाच्या कडेला बसला. बाई दाराजवळच्या खुर्चीत. टेप्या स्टुलावर, खिडकीच्या बरोबर समोर. दिवा चालू. टेप्याने पडदा स्वतःच्या हाताने चारी बाजूंनी दाबून दाबून बसवला होता.

पहिला तास भांडणात गेला. कोण किती वाजता उठतं, कोणाचा फोन येतो, कोण कोणाला काय म्हणालं. मग भांडणही संपलं. घर शांत झालं. खाली फ्रिज घुरघुरत होता, तोही थांबला.

साडेबाराच्या सुमारास...

चर्र.

एवढासा. बोटभर.

तिघांनी माना वर केल्या.

नवऱ्याने पहिल्यांदा कुठे पाहिलं असेल? बायकोच्या हातांकडे. ते मांडीवर होते. एकमेकांत गुंतलेले. बाईंनी त्याच्या हातांकडे पाहिलं. ते गुडघ्यांवर. मग दोघांनी टेप्याकडे पाहिलं.

टेप्याने दोन्ही तळवे वर करून दाखवले.

चर्र...

उजव्या खालच्या कोपऱ्यातून. हळू. अगदी हळू. झोपलेल्या घरात आवाज होऊ नये म्हणून एखादा जसं सोलत नेईल, तसं. थोडं थांबायचं. पुन्हा थोडं.

टेप्या म्हणतो, मला भीती वाटली ती या जपून करण्याची. धसमुसळेपणा असता तर इतकं वाटलं नसतं.

कड सुटली. पडदा उजवीकडून उचलला गेला. त्याला घडी पडली. घडीवर घडी. चढाने, डावीकडे. आणि तिथे थांबला. जणू कोणी मुठीत धरलाय.

खिडकी उघडी.

बाहेर गल्ली. दिवा. भिंत.

कोणी नाही.

नवरा उठला. खिडकीशी गेला. काचेला हाताचा आडोसा करून खाली बघितलं. इकडे. तिकडे. "कोणी नाहीये," म्हणाला. पुन्हा म्हणाला, "कोणीच नाहीये बाहेर." आवाजात सुटल्याचा आनंद होता बिचाऱ्याच्या.

"इकडे या," बाई म्हणाल्या.

"का?"

"या म्हटलं ना."

"अगं, पण काय..."

"मागे या. हळू या."

तो मागे आला. एक पाऊल. दुसरं. बायकोजवळ येऊन तिचा हात धरला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. आणि मग म्हणाला, अगदी बारीक आवाजात, "तिथे... उभं राहायला जागा होत नव्हती मला."

टेप्याला तेव्हा त्याचा अर्थ लागला नाही.

तिघं जिना उतरले. मागे वळून कोणी बघितलं नाही. उजाडेपर्यंत स्वयंपाकघरात बसून राहिले, सगळे दिवे लावून. एकदा मात्र नवरा बोलला. बायकोला म्हणाला, "मी तुझ्याबद्दल काय काय बोललो गं." त्या म्हणाल्या, "मीही." बस, एवढंच. आठवड्याच्या आत त्यांनी ते घर सोडलं. अजून दोघं एकत्र आहेत, सुखात आहेत. टेप्याला कधीमधी फोन करतात, पण घराचा विषय कोणी काढत नाही.

सामान हलवलं त्या दिवशी टेप्या भर दुपारी जाऊन पडदा उतरवून आला. कापड चांगलं होतं, टाकवेना. पिशवीत कोंबलं आणि दुकानाच्या माळ्यावर ठेवून दिलं. महिन्याभराने आठवण झाली तेव्हा काढून कापायच्या टेबलावर पसरलं.

पडद्यावर एक डाग होता. वाटीएवढा, गोल. उभ्या माणसाचं तोंड येतं, साधारण त्या उंचीला.

टेप्याने हात लावला. ओला.

महिनाभर कोरड्या माळ्यावर... आणि ओला.

त्याने मनाशी म्हटलं, काचेची थंडी, दव धरलं असेल. जाड पडद्याला मागून पांढरं अस्तर असतं, काचेच्या बाजूला. ओल यायची तर तिथून येणार. म्हणून त्याने पडदा उलटला.

अस्तर कोरडं होतं. ठणठणीत कोरडं.

पुन्हा सुलटा केला. डाग निळ्या बाजूला होता. खोलीकडच्या.

बोट टेकवलं.

...कोमट होता.