तळघरातली शीळ

"दादा, पिंजरा नाहीये!"

टिचकी दवाखान्याच्या मागच्या खोलीतून किंचाळली. हातातली काकडीची पिशवी तशीच लोंबत राहिली. काल संध्याकाळी टेबलावर दोन पिंजरे होते. आज एकच!

तिचा थोरला भाऊ आणि शेजारचा प्रश्नोपंत धावत आत आले. श्वासागणिक प्रश्न विचारतो म्हणून त्याला हे नाव पडलं होतं.

"कुठला नाहीये? कधीपासून? खिडकी उघडी होती का?"

"ठिपक्याचा!" टिचकीने टेबलावरची रिकामी जागा दाखवली.

ठिपक्या आणि तपकिऱ्या हे टिचकीचे गिनीपिग, सख्खे भाऊ. जन्मापासून एका पिंजऱ्यात वाढलेले. चार दिवसांपूर्वी मात्र काय बिनसलं कोण जाणे, दोघं एकमेकांवर तुटून पडले. ठिपक्याचा कान फाटला, गवतावर रक्त सांडलं. ते पाहून टिचकी इतकी घाबरली, की म्हणाली, "एकाला दुसऱ्याच घरी ठेवा!"

पण तिची मावशी जनावरांची डॉक्टर होती; ठिपक्याचा कान भरेपर्यंत दोघं तिच्याच या दवाखान्यात होते. तिने मान हलवली. "अगं, एकटे पडले की हे झुरतात. खाणं सोडतात. आणि यांचं पोट दिवसभर रिकामं राहिलं तरी जिवावर बेततं. भांडले म्हणून तोडायचं नाही, नुसतं अंतर ठेवायचं. दोन पिंजरे शेजारी शेजारी, मध्ये जाळी. दिसतील, वास येईल, गप्पा मारतील. चावता तेवढं येणार नाही."

आज पहाटे कुणाची तरी गाय विताना अडली होती, म्हणून मावशी गावाबाहेरच्या गोठ्यावर गेली होती. दवाखाना होता कंपाउंडर काकांच्या भरवशावर.

टिचकीने तपकिऱ्यासमोर काकडी धरली. त्याने तोंड फिरवलं. अंगाचा गोळा करून तो कोपऱ्यात बसला होता, केस पिंजारलेले, डोळे अर्धवट मिटलेले.

काका बाहेर वर्तमानपत्र वाचत होते.

"पळाला असेल," ते पान उलटत म्हणाले.

"पिंजऱ्यासकट?" प्रश्नोपंताने विचारलं.

"मग मालक घेऊन गेला असेल."

"मालक मीच आहे!" टिचकी रडकुंडीला आली.

तिचा हात दाबत दादा थंडपणे म्हणाला, "जाऊ दे गं. ज्याने नेला त्याने कोबी खाऊ घातला नाही म्हणजे मिळवली. पोट फुगून मरायचा तो."

"कोबी कुठला! मी तर गाजर..." काकांनी जीभ चावली.

तिघंही त्यांच्याकडे टक लावून बघत राहिले. काकांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं.

"अरे, सकाळपासून दोघांच्या शिट्ट्या चालल्या होत्या! फोनवर काही ऐकू येईना. रखवालदाराला म्हटलं, एकाला तळघरात ठेव कुठंतरी. बाई यायच्या आत आणणारच होतो."

प्रश्नोपंताचा चेहरा उतरला. आयुष्यात पहिल्यांदाच त्याने प्रश्न विचारला नाही.

"तळघरात आज फवारणी आहे," तो हळूच म्हणाला. "झुरळांसाठी. अकरा वाजता. जिन्यापाशी कागद लावलाय."

भिंतीवरच्या घड्याळात अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती.

काका पांढरेफटक पडले. "खोल्या रिकाम्या आहेत म्हणून त्या कागदावर सही मीच केलीय... न वाचता!"

त्यांनी रखवालदाराला फोन लावला. पाळी संपवून तो घरी गेला होता आणि फोन बंद होता.

"चला!" मावशीला फोन लावता लावता दादा ओरडला. टिचकी निघता निघता थबकली. तपकिऱ्याला तिने पंच्यात गुंडाळलं, टोपलीत ठेवलं आणि काकडीच्या पिशवीसह जिन्याकडे धूम ठोकली.

खाली उग्र दर्प येत होता. पिवळा दिवा लुकलुकत होता. बोळात ओळीने सहा दारं, सगळी एकसारखी, फटींवर चिकटपट्टी लावलेली. तोंडाला मुखवटा आणि पाठीवर टाकी असलेला एक धिप्पाड माणूस वळला. त्याला बघून टिचकी दादाच्या मागे सरकली.

"वर जा! इथं पोरांचं काय काम?"

"थांबवा! आत आमचा गिनीपिग आहे!" ती तिथूनच ओरडली.

त्याने यंत्र बंद केलं. "मला तर रिकाम्या खोल्या सांगितल्यात. दोन झाल्या, तिसरीत आत्ताच नळी घातली. कुठल्या खोलीत आहे?"

"माहीत नाही," काका पुटपुटले.

"मग कसं व्हायचं? चुकून फवारलेली खोली उघडली तर सगळा वास या बोळात. पोरांनाही बाधेल. नेमकं दार सांगा, मी आत जातो."

ठिपक्या त्या पहिल्या दोन खोल्यांत असला तर? तिने टोपली कवटाळली आणि एकदम तिच्या लक्षात आलं.

"तपकिऱ्या बोलावेल त्याला! सगळे गप्प बसा!"

पण तपकिऱ्या थरथरत होता, आवाजच काढेना. खाऊच्या आवाजाने तरी तो शीळ घालेल म्हणून टिचकीने काकडीची पिशवी सळसळवली. काही नाही. "बोल ना रे, सोन्या," ती कुजबुजली आणि पुन्हा पिशवी वाजवली.

"वीऽऽक!"

बारीक, फाटकी शीळ. सगळ्यांनी श्वास रोखले.

कुठूनतरी उत्तर आलं. इतकं क्षीण, की भास वाटावा. फवारणीवाल्याने तिसऱ्या दाराला कान लावला.

"हेच! मागं व्हा!"

चिकटपट्टी टरकन निघाली. तो आत शिरला, दार ओढून घेतलं. टिचकीने दादाच्या सदऱ्यात तोंड लपवलं. दार उघडलं तेव्हा पिंजरा त्या माणसाच्या कोटाखाली होता. ठिपक्या एका कुशीवर पडला होता. पोट भराभरा हलत होतं.

"मेला का?" प्रश्नोपंताने विचारलं, आणि कुणी त्याला गप्प केलं नाही.

"श्वास चालू आहे!" काका म्हणाले. पिंजरा उचलून ते जिना चढले, असे धावले की दादा मागे पडला. त्यांनीच खिडक्या उघडल्या, प्राणवायूची नळी लावली. तेवढ्यात दादाचा फोन येताच निघालेली मावशी शेणाने बरबटलेल्या बुटांनिशी आत आली. तिने इंजेक्शन दिलं आणि ठिपक्याच्या छातीला कान लावला.

"पहिले दोन तास कठीण," शेवटी ती म्हणाली. "पिंजरे शेजारी लावा."

टिचकी हलली नाही. दुपार कलली. जाळीपलीकडे तपकिऱ्या नाक हलवत बसून होता. मग ठिपक्या उठला, लटपटत आला आणि जाळीला टेकला. तपकिऱ्या पलीकडून टेकला. थोड्या वेळाने कुरूम कुरूम आवाज यायला लागला. दोघंही काकडी खात होते!

टिचकीला एकदम रडू फुटलं.

काका मान खाली घालून मावशीसमोर उभे होते. "चूक माझी, बाई. पोरांनी वाचवलं."

"हो. तुमच्याशी मी नंतर बोलणारच आहे," मावशी म्हणाली आणि तिने तिघांना जवळ ओढलं. "माझ्या डोक्यात सुद्धा ही युक्ती आली नसती, पोरांनो!"

फवारणीवाला दारात उभा होता, मुखवटा हातात. आता तो मुळीच भयंकर दिसत नव्हता.

"बावीस वर्षं हे काम करतोय," तो म्हणाला. "सही बघायची, यंत्र चालू करायचं. उद्यापासून आधी प्रत्येक दाराला कान लावीन. हे तुमच्याकडून शिकलो."