दोघांत एक कॅल्क्युलेटर

बुधवार पेठेतल्या त्या दुकानात दोघांनी एकाच वेळी एकाच कॅल्क्युलेटरवर हात ठेवला. आम्रपालीला तो बी.एस्सी.च्या गणितासाठी हवा होता आणि शेजारच्या उन्हानं रापलेल्या मुलाला नोकरीच्या परीक्षेसाठी. दुकानदार अनंतरावांनी चष्म्यावरून दोघांकडे पाहिलं. “शेवटचाच आहे. कापून देत नाही.”

तिला हसू फुटलं, मग त्यालाही. त्याचं नाव प्रज्ञेश. एका मोजणीदाराच्या हाताखाली तो जमिनी मोजायचा. नवा माल यायला महिना होता, म्हणून दोघांनी मिळून तो घेतला. एक दिवस त्याच्याकडे, एक दिवस तिच्याकडे. देवाणघेवाण रोज सकाळी पुलगेटच्या बसथांब्यावर. ती मांजरी गावाहून यायची, तो आधीच येऊन उभा असायचा.

आठवड्याभरात त्यानं तक्रार केली, की तिच्याकडून आलेला कॅल्क्युलेटर भलतीच उत्तरं देतो. त्याची मोजणी अंशांत चाले, तिचं गणित रेडियनमध्ये, आणि ती बटण परत फिरवायला विसरायची. रेडियन म्हणजे काय, ते तिनं हातातली बांगडी काढूनच दाखवलं. मध्यापासून कडेपर्यंत दोरा मोजला आणि तेवढाच कडेवरून वळवला. हा झाला एक रेडियन, सत्तावन्न अंशांहून थोडा जास्त. अर्धी बांगडी म्हणजे एकशे ऐंशी अंश, म्हणजेच पाय (π) रेडियन.

“मग मी नव्वद अंशांत वळून तुमच्याकडे पाहिलं तर?”

“पाय भागिले दोन.”

“आणि पाहिलंच नाही तर?”

“शून्य… दोन्हीकडे शून्यच.” बोलताना तिचे कान तापले होते.

यापुढे अंशांवर आणूनच देईन, असं तिनं कबूल केलं. महिन्यानं दुकानात नवा माल आला. दोघांनाही कळलं, पण विषय कुणी काढला नाही. ‘तुम्ही’चं ‘तू’ कधी झालं, तेही कळलं नाही.

त्याच्या परीक्षेच्या सकाळी ती आली, तेव्हा डोक्यात एकच होतं — आज पेपर झाला की त्याला सांगायचं. त्यानं कॅल्क्युलेटर घेतला, न बघताच खिशात टाकला. तिच्यावर त्याचा भरवसा होता.

त्याची बस सुटल्यावर तिला आठवलं. बटण रेडियनवरच होतं. तिनं फोन लावला, पण त्याचा फोन बंद होता.

संध्याकाळी तो भेटला, तेव्हा चेहरा उतरलेला. पेपरातल्या गणितात उंची उणे येत होती, म्हणाला. तेच गणित तीनदा केलं, मग सूत्रावरचाच विश्वास उडाला. शेवटच्या पाच मिनिटांत पडद्याच्या कोपऱ्यातलं रेडियनचं इवलं अक्षर दिसलं. “घाईत माझाच हात लागला असणार,” तो म्हणाला.

चूक माझी, हे आम्रपालीच्या ओठांवर आलं होतं. आज नको, तो आधीच खचलाय, उद्या सांगू, असं तिनं स्वतःला समजावलं. उद्याही तेच झालं. पंधरा दिवसांनी तो चंद्रपूरकडे कुठल्याशा रस्त्याच्या कामावर निघून गेला. जाताना कॅल्क्युलेटर तिलाच देऊन गेला. हळूहळू फोनही थांबले.

वर्षभरानं, कॉलेजच्या जिन्यात बसून, तिनं त्याला फोन केला आणि एका दमात सगळं सांगितलं. पलीकडे रस्त्याच्या कामावरच्या यंत्रांचा आवाज येत होता.

“विसरली असशील. त्याचं काही नाही,” तो म्हणाला. “पण मला वाटलं, साधं बटण बघायची अक्कल नाही, तर हिच्यासमोर कुठल्या तोंडानं उभं राहायचं? म्हणून गेलो, आमू. नाहीतर परीक्षा काय, सहा महिन्यांनी परत होती.”

तिला रडू आवरेना. “मला तू आवडायचास… आवडतोस.”

“तेही त्याच दिवशी सांगायचं होतंस,” तो अगदी हळू म्हणाला. मग सांगितलं, की घरच्यांनी मुलगी पाहिली आहे, आणि त्यानं होकार दिला आहे. त्या आवाजात राग नव्हता. राग असता, तर तिला बरं वाटलं असतं.