नॉब शून्यावर

आमची ओळख करून दिली ती जळक्या वासानं. त्याचं नेहमीचं दुरुस्तीचं दुकान बंद होतं, म्हणून तो माझ्या दुकानात शिरला. हातात काळवंडलेला सर्किट बोर्ड.

"डॉक्टर, जगेल का हो हा?"

सकाळपासून डाख देऊन देऊन माझे डोळे चुरचुरत होते. "ठेवा तिथे. आणि डॉक्टर म्हणू नका. डॉक्टर वेळेवर जेवतात."

तो हसला. अगं बाई, कसा हसला!

एका छोट्याशा लेथवर तो जुन्या घड्याळांचे पितळी भाग बनवायचा. लेथच्या मोटरचा वेग हा बोर्ड सांभाळायचा. त्यावरचा जळालेला पार्ट कुठेच मिळेना. "आला का?" विचारत तो रोज डोकवायचा, मी "नाही" म्हणायची... आणि वाईट मात्र दोघांनाही वाटायचं नाही.

काल चेहरा पाडूनच आला.

"दादा त्याच्याकडे बोलावतोय, तिकडे नोकरी आहे. इथं लोकांची घड्याळं खोळंबलीत, रोज बोलणी खातोय... उद्या लेथ सुरू झालं नाही, तर विकून टाकतो. दमलो हो."

हा गेला तर?

नेमका आज सकाळी पार्ट आला. मी तो बसवला, टेबलावर बोर्ड छान चालला. मग त्याच्या खोलीवर जाऊन लेथला जोडला, बटण दाबलं —

ढिम्म!

फ्यूज ठीक. वायरी ठीक. मोटरचे कार्बन झिजले की बदलावे लागतात, पण तेही नवेकोरे. बोर्ड काढला, पुन्हा बसवला. गुडघे बोलायला लागले. तो शेजारी टॉर्च धरून गप्प उभा. मला रडू कोसळायचंच बाकी होतं.

आणि मग लक्ष गेलं. वेगाचा नॉब अर्ध्यावर होता! तो शून्यावर आणल्याशिवाय हे लेथ सुरूच होत नाही. एकदम फिरून कुणाचा हात जाऊ नये, म्हणून तशी सोयच असते. दमल्यावर डोकं चालत नाही, हेच खरं.

मी वळले. त्याचे कान लालबुंद झाले होते.

"तुम्हाला दिसलं होतं?"

"मघाशीच..."

"मघाशीच? इथं माझ्या कमरेचा काटा ढिला झाला, आणि तुम्ही गंमत बघताय?"

"गंमत नाही हो..." तो टॉर्चशी चाळा करत म्हणाला, "लेथ सुरू झालं असतं, तर तुम्ही लगेच निघाला असतात. मग कुठल्या तोंडानं थांबा म्हणणार होतो?"

इतका राग आला होता, पण कुठे गेला कोण जाणे. मी नॉब शून्यावर आणला, बटण दाबलं, हळूच फिरवला. लेथ गुरगुरत फिरू लागलं.

"दादाला काय सांगणार?"

"येत नाही म्हणून. आणि... तुम्हाला काय सांगू?"

"आत्ता काही नको. आधी बसायला स्टूल द्या." मी टेकले. "उद्या पुन्हा यावं लागेल मला. कार्बन बदलायचेत."

"पण कार्बन तर नवे आहेत ना?"

"डॉक्टर कोण आहे — तू की मी?"