सगळ्यांना विचारलं

लातूर स्टेशनवर एकाच बॅगेच्या कडीला दोघांनी हात घातला आणि दोघांनीही घाईघाईनं सोडला. बॅग रुद्राणीच्या पायावर पडली. जीपवाला मन्मथ माफी मागायची सोडून तिच्याकडे बघतच राहिला, आणि पाय ठणकत असूनही तिला त्याचा राग आला नाही. प्रेमाला याहून बरा मुहूर्त लातुरात मिळत नाही.

बॅग तुर्कस्तानच्या एलिफची. तिकडच्या भूकंपानंतर ती आणि तिची मैत्रीण देर्या इकडची, किल्लारीच्या भूकंपानंतर नव्यानं वसलेली गावं पाहायला आल्या होत्या. रुद्राणी त्यांची दुभाषी. पाच दिवस, एक जीप... आणि चोरटे कटाक्ष.

एलिफच्या डोक्याला घट्ट रुमाल, देर्या जीन्समध्ये, केस मोकळे. रुमालवालीला घरच्यांचा धाक असणार, असं मन्मथनं ठरवून टाकलं. रुद्राणीलाही तसंच वाटलं होतं. पण एलिफनं नवऱ्यापासून स्वतःहून फारकत घेतली होती; ती एकटी राहायची, शाळेत शिकवायची, आणि रुमाल तर आईशी भांडून बांधला होता. उलट देर्या रोज संध्याकाळी भावाला फोन करायची – कुठे आहे, कुणाबरोबर आहे, सगळं सांगायची.

रुद्राणी हसली, मग तिला स्वतःचं आठवलं. जीन्स तिच्याकडेही होती, नोकरीही होती. आणि रविवारी नांदेडच्या घरी तिला बघायला धर्माबादचे पाहुणे येणार होते. तिला कुणी विचारलंच नव्हतं.

हे तिनं मन्मथला सांगितलं. का सांगितलं, हे न कळण्याइतका तो भोळा नव्हता. चौथ्या दिवसापर्यंत 'तुमी'चं 'तू' झालं होतं.

पाचव्या दिवशी तो उजळल्या चेहऱ्यानं आला. रात्रीतून नांदेड गाठून, आपल्या मामाला मध्ये घालून तो तिच्या वडिलांना भेटला होता. धर्माबादच्यांना नकार गेला होता.

"सगळ्यांना विचारून आलो," गाडी चालवता चालवता तो म्हणाला. "तुज्या आज्जीलाबी. समदे हाव म्हनले."

तिला तो हवा होता, पहिल्या दिवसापासून हवा होता. तरी डोळे भरून आले.

"आन् मला?"

"तुला तर... ठावंच हाय की."

"धर्माबादच्यांनी विचारलं न्हाई, तूबी न्हाई. मग फरक काय, मन्मथ?"

त्यानं जीप रस्त्याकडेला घेतली. मागच्या दोघी पुढे वाकून बघायला लागल्या.

"चुकलं माझं," तो खाली मान घालून म्हणाला. "आता विचारतो. माझ्यासंगं लगीन करशील? न्हाई म्हनलीस तर मीच तुज्या वडलांना सांगतो. तुला कुनी बोलनार न्हाई."

होकार तिच्या अगदी ओठांवर आला होता. पण घरचे, मामा, आजी, मन्मथ – सगळे तिच्या एका शब्दासाठी थांबलेत, असं आयुष्यात पहिल्यांदाच होत होतं. ते तिला इतक्यात संपवायचं नव्हतं.

"उद्या सांगते," ती म्हणाली.

"बरं," म्हणून त्यानं गाडी सुरू केली. रुद्राणी बाहेरच्या तुरीकडे बघत, मोठ्या सुखानं, गप्प बसून राहिली.